कंबरांची वही

माझे वडील जामसंड्यात शर्ट-पँट शिवायचे आणि शेजारच्या मशीनवर मी ब्लाउज. आमच्या दुकानात मिरवण्यासारखी एकच चीज होती, मापांची वही. बाकीचे शिंपी चिठोऱ्यावर माप घेत आणि कपडा दिला की चिठोरा चुलीत. वडील प्रत्येक गिऱ्हाइकाचं पान ठेवत. चतुर्थीला मुंबईहून आलेला चाकरमानी नवी पँट शिवायला टाकी, तेव्हा त्याचं नवं माप जुन्याच्या खाली लिहिलं जाई.

त्या वहीतली एक गोष्ट आम्हा दोघांना केव्हाच दिसली होती. होडीवर आणि शेतात राबणाऱ्यांची कंबर वर्षानुवर्षं जिथल्या तिथे, मुंबईत खुर्चीत बसणाऱ्यांची मात्र दर चतुर्थीला वाढलेली. म्हणून चाकरमान्याच्या पँटीला वडील मागच्या शिवणीत दोन बोटं कापड जास्त राखत. आम्ही त्यावर हसायचो. पोट सुटलं म्हणजे मुंबईचं पाणी मानवलं, असंच सगळे धरून चालत. माझ्या थोरल्या भावाचं सुटलं तेव्हा आई ते वाडीभर कौतुकाने सांगत होती.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. सोनोग्राफीचं यंत्र तेव्हा नवीनच आलं होतं. भाऊ मुंबईत ती तपासणी करून चतुर्थीला आला. लिव्हरवर चरबी साठली होती, आणि तिथल्या डॉक्टरांनी पहिलंच विचारलं होतं, किती पिता? भावाने जन्मात दारूला हात लावला नव्हता. हे सगळं त्याने घरी भोळेपणाने सांगितलं आणि घात झाला. आमच्याकडे लिव्हर बिघडलं म्हणजे दारू, दुसरं काही असूच शकत नाही. आईने त्याच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढायची, पण त्याच्याकडे बघायची नाही. चाळिशीचा माणूस शपथा घेऊन थकला. चार दिवसांनी तो परत जाणार होता, आईच्या मनात दारुडा होऊन. मला आईचा राग आला, आणि बातमी घरोघर पोचवणाऱ्या वाडीचा त्याहून जास्त.

 वडिलांनी वही काखेत मारली आणि भावाला नि मला घेऊन देवगडच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर आधी कंटाळून वहीची पानं बघत होते, मग त्यांनी खुर्ची पुढे ओढली. न पिणाऱ्यांनाही हे होतं, असं त्यांनी अलीकडेच वाचलं होतं. पण इतक्या माणसांची इतक्या वर्षांची कंबर एका जागी लिहिलेली त्यांनी कुठेच पाहिली नव्हती. टेप बाहेरून लागते, आत काय साठतंय ते कोण मोजणार, असं म्हणून त्यांनी वही मागितली. वडिलांनी दिली नाही. दुकानात या, म्हणाले. डॉक्टर खरंच कित्येक रविवार आले. मी वाचायची, ते उतरवून घ्यायचे. आज गावातही दारोदार मोटरसायकली आहेत, आणि कंबरा इथेही वाढल्या आहेत. हे पहिल्यांदा माझ्या बापाने लिहून ठेवलं, असं मी कुणालाही छातीठोक सांगते.

डॉक्टरांकडून परतलो त्याच संध्याकाळी वडिलांनी वही आईपुढे उघडली. भावाचं पान काढलं नाही, मामाचं काढलं. मामा मुंबईत कारकून, गळ्यात माळ, कांदासुद्धा न खाणारा. त्याची कंबर भावापेक्षा जास्त वाढली होती.

"तुझो भाव पिता काय गो?" वडिलांनी विचारलं.

आई आकड्यांवरून बोट खाली खाली नेत राहिली. 

दिवेलागणीला आरतीसाठी वाडी आमच्याकडे जमली. आरतीनंतर घरातला कर्ता पुरुष देवाला गाऱ्हाणं घालतो आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला सगळे होकार देतात. बायकांनी गाऱ्हाणं घालायची आमच्यात रीत नाही. वडिलांनी हात जोडले, इतक्यात आई पुढे झाली.

"बा देवा म्हाराजा, माझो झील दारू पिणा नाय. ज्यांनी पिता म्हणान सांगल्यानी त्येंका, आणि माका पण, बरी बुद्धी दी."

सवयीने अख्खी वाडी एका आवाजात म्हणाली, "होय म्हाराजा."

त्यात बातमी पसरवणारेही होते. भाऊ तेवढा म्हणाला नाही, तो रडत होता.