आपलेच सुरुंग

त्या आठवड्यात मी सांगलीतल्या भाड्याच्या खोलीत बसून रोज शेकडो जहाजं फोडत होतो. अंतराळातल्या लढाईचा एक गेम आम्ही तिघं मित्र बनवत होतो आणि सुरुंगांचं गणित माझ्या गळ्यात पडलं होतं. सुरुंगांचा मार वाढवला, की खेळणारा आपल्या ग्रहाभोवती ते पेरून नुसता बसून राहायचा. कमी केला, की शत्रूची जहाजं मोकाट गुरांसारखी त्यातून बिनघोर निघून जायची. आकडे बदलून बदलून माझं डोकं फिरलं होतं. दोघा मित्रांना फोनवर शिव्या घालून झाल्या होत्या.

आबा, म्हणजे माझे वडील, तेव्हा कुंडलहून आले होते. त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली नाही. नकली पाय घासून जखम चिघळली होती, तो बदलायचा होता. फौजेत असताना पाय गेला, एवढंच आम्हाला घरात माहीत. जास्त विचारलं की ते उठून बाहेर जायचे.

सकाळी चहाचा कप घेऊन ते माझ्या मागं उभे राहिले. पडद्यावर एक जहाज उभं चिरलं, आतली माणसं बाहेर फेकली गेली.

"ह्यातनं आपली जहाजं कशी जात्यात?"

"आपल्याला आपले सुरुंग लागत नाहीत, आबा. तसा नियमच आहे."

त्यांनी कप टेबलावर आपटला. चहा कीबोर्डवर उडाला.

"कुणी सांगितला रं तुला ह्यो नियम?"

मग उभ्या उभ्याच बोलले. सरहद्दीवर त्यांच्या तुकडीनं सुरुंग पेरले होते. ज्यांनी पेरले त्यांनीच ते पुढं काढायचे, अशी रीत. नकाशा आबांनी काढलेला. मध्ये एक पावसाळा गेला, उताराची माती सरकली, तिच्याबरोबर सुरुंगही सरकले. नकाशा तसाच राहिला. त्यांचा फलटणचा जोडीदार तो नकाशा हातात धरून पुढं चालला होता.

"कमरेखाली काय उरलंच न्हाई त्याचं. तरी बोलत हुता. म्हनला, तुझा नकाशा चुकला गड्या. त्याला उचलाय धावलो, तवा माझा पाय गेला."

मला माझी लाज वाटली. त्याच क्षणी माझं गणित सुटलं होतं, त्याची जास्त वाटली.

दुपारपर्यंत मी नियम बदलला. सुरुंग प्रत्येक खेळीला थोडे सरकणार, पेरणाऱ्याचा नकाशा जुना होत जाणार आणि मार आपल्या-परक्यांना सारखाच बसणार. फुटलेला सुरुंग संपला, तेवढी वाट मोकळी. आता पेरणाराही दहादा विचार करत होता. खेळ जमला.

आबांना दाखवू नये असं वाटत होतं, पण त्यांनीच माऊस हातात घेतला. एक सेनापतीचं जहाज, एक सैनिकांनी भरलेलं. दोन्ही त्यांच्याच जुन्या सुरुंगांतून न्यायची होती.

"सैनिकांचं पुढं घाला, आबा. सेनापती मेला की खेळ संपतो."

त्यांनी सेनापतीचं पुढं घातलं. पहिल्या स्फोटात त्याची एक बाजू उडाली, दुसऱ्यात पोट फाटलं. आबा त्याला पुढं रेटतच राहिले. पार पलीकडच्या कडेला ते फुटलं आणि पडदा लाल झाला.

"हरलात, आबा."

"व्हय." त्यांनी माऊस बाजूला सारला. "मागचा जित्ता हाय न्हवं?"