पहिला गुडघा तुमचा

माझ्या भाडेकरूने मला फसवलं. बर्फाच्या पाट्या डोक्यावर वाहून मी मासळीच्या धंद्यात वर आलोय. मिरकरवाड्याच्या जेटीवर माझ्याशी भाव करायला भलेभले कचरतात. त्या मला कॉलेजात केमिस्ट्री शिकवणाऱ्या, शहाळंवाल्याशीही घासाघीस न जमणाऱ्या मास्तरांनी गंडवलं. दोन हजार सालच्या आसपास आमचा तोंडी सौदा ठरला. परसातली माझी शेड त्यांनी भट्टीला वापरायची आणि तिथे जे औषध तयार होईल, त्याने माझा झिजलेला उजवा गुडघा सर्वांत आधी दुरुस्त करायचा. "शेट, पहिला गुडघा तुमचा!" हे त्यांचेच शब्द.

हाडावर एवढा जीव लावणारा प्राणी, कुत्रा सोडला तर, मी दुसरा पाहिला नाही. बाजारात ते म्हाकूल, तो दहा पायांचा लिबलिबीत समुद्री जीव, घ्यायचे, सांगितला भाव द्यायचे, त्याच्या पाठीतलं पांढरं हलकं हाड पिशवीत टाकायचे आणि मांस कोळणीला परत करायचे. ती विचारायची, "अवो मास्तर, हाडाचं काय लोणचं घालताव?" आणि मग मी पुढे झालो की मलाच सुनवायची, "मास्तरांकडून शिका जरा! ते मासा परत देऊन पैसे देतात." आयुष्यभर कमावलेली माझी पत त्या पिशवीतून गेली.

ते हाड भट्टीत भाजून, रसायनात शिजवून त्याची भुकटी व्हायची. तिचा कण इतका बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावतील. "आपल्या हाडातले कणही एवढेच असतात शेट, म्हणून शरीर त्यांना परकं मानत नाही," असं ते मला समजावत आणि बोलता बोलता माझ्या चहात बिस्किट बुडवत. एका तुळशीच्या लग्नाला आमच्या हिने तीच भुकटी घेऊन वृंदावनापुढे झकास कमळ काढलं. मास्तर बघतच राहिले. "वहिनी, रांगोळी सुरेख आहे. फक्त ती म्हाकुलाची आहे." त्यानंतर अंगण तीनदा धुतलं गेलं आणि आठवडाभर दोघांचाही चहा बंद झाला. माझा काय गुन्हा होता?

मग एके दिवशी मास्तर पेढे घेऊन धावत आले. मुंबईच्या प्रयोगशाळेत त्यांच्या भुकटीने सशाचं हाड भरून आलं होतं.

"शेट, ससा पळाला!"

"आणि माझा गुडघा?"

त्यांचा चेहरा उतरला. "हाड जमलं हो. तुमची झिजलीय ती कूर्चा, सांध्यातली गादी. तिला रक्त पोचत नाही, त्यामुळे ती हट्टी. शिवाय माणसावर चाचण्या, परवानग्या... वर्षं जातील."

"म्हणजे माझा नंबर सशाने लावला!" मी इतका ओरडलो की शेजारचे बाहेर आले. पेढा मात्र खाल्ला.

पुढे मास्तर निवृत्त झाले आणि मुलीकडे नागपूरला गेले. तिथे समुद्र नाही, म्हाकूल नाही. भट्टी माझ्या शेडमध्येच आहे. शेडला गिऱ्हाईकं येतात, पण मी असा भाव सांगतो की ती परत जातात. सकाळी किनाऱ्यावर फिरताना लाटांनी आणलेली पांढरी हाडं दिसतात. गुडघा करकरतो, तरी वाकतो आणि उचलतो. आता पोतं भरलंय. मास्तर, या पोत्याचं मी काय करायचं? सौदा तुम्ही केलात, उत्तरही तुम्हीच द्यायचं. आणि फोनवर नाही चालणार, इथे येऊन द्या.