मोठ्यानं म्हटलेलं लॅटिन

लग्न होऊन दौंडला आले तेव्हा आपल्याला सगळं येतं असा माझा ठाम समज होता. केडगावला वाढलेली, फायनल पास, पेटीवर भक्तिगीतं वाजवणारी. कुणी बायबलमधलं वचन चुकवलं की दुरुस्त करायला माझी जीभ शिवशिवायची. फक्त आम्ही प्रॉटेस्टंट आणि सासर कॅथलिक. नवरा लोको शेडमध्ये फिटर होता. लग्नाआधी मी रीतसर त्यांच्या मंडळीत आले होते, तरी सासूबाई शेजारणींना माझी ओळख ‘ही केडगावची’ अशीच करून द्यायच्या. ‘माझी सून’ हे शब्द काही त्यांच्या तोंडून निघत नव्हते. मला ते फार लागायचं.

मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची चर्चमधली उपासना, तेव्हा लॅटिनमध्ये व्हायची. मला त्यातलं अक्षर कळत नसे. एकदा मी सासूबाईंना विचारलं, “आत्याबाई, फादर म्हणतात त्याचा अर्थ काय हो?”

“देवाला कळतंय न्हवं? मग तुला कशाला पायजे?” त्या म्हणाल्या.

म्हणजे यांनाही येत नाही, हे माझ्या चटकन लक्षात आलं. लॅटिन शिकायचं आणि यांना गार करायचं, असं मी त्याच दिवशी ठरवलं. एवढी विद्वान सून मिळाल्यावर त्या मिरवतील, असा माझा हिशोब होता.

फादर म्हातारे, परदेशी, पण मराठी आमच्यापेक्षा शुद्ध बोलायचे. मिस्सा झाली की ते मला व्हरांड्यात शिकवायला लागले. पहिला शब्द ‘मेन्सा’, म्हणजे टेबल. आमच्या रेल्वे क्वार्टरमध्ये टेबल नव्हतं, तरी भाकरी थापताना मी टेबलाच्या सगळ्या विभक्ती चालवायचे, मेन्सा, मेन्साम, मेन्से, आणि तव्यावरची भाकरी करपायची. धड्यातला शेतकरी राणीला गुलाब द्यायचा. आमच्या केडगावच्या शेतकऱ्यानं गुळाची ढेप तरी दिली असती. पण क्रियापद वाक्याच्या शेवटी आलं तेव्हा मला ही भाषा अगदी घरचीच वाटली, आणि लॅटिन आलं असं मी जाहीर करून टाकलं. नवऱ्याला, कारण दुसरं कुणी ऐकायला तयार नव्हतं.

मिस्सेतली उत्तरंही मी फादरांच्या पुस्तकातून पाठ केली. मग तो रविवार आला. मी सासूबाईंच्या शेजारी बसले होते. बायकांचे ओठ हलताना मला नेहमी दिसायचे. त्या फादरना उत्तरं देतात पण बिचाऱ्या भीत भीत देतात, अशी माझी समजूत होती. आमच्या केडगावच्या उपासनेत पाळक बोलले की सगळी मंडळी खणखणीत उत्तर द्यायची. फादर वळून म्हणाले, “दोमिनुस वोबिस्कुम,” म्हणजे प्रभू तुमच्याबरोबर असो. ‘तुमच्याही आत्म्याबरोबर’ हे त्याचं उत्तर मी मोकळ्या गळ्यानं म्हटलं, “एत कुम स्पिरितु तुओ!”

चर्चमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सगळ्यांच्या वतीनं उत्तर द्यायचं काम वेदीपाशी गुडघे टेकलेल्या एका पोर्टरमामांचं होतं. ते दचकून गप्पच राहिले. ते विसरले असावेत असं वाटून मी पुढचं उत्तरही दिलं, आणखी मोठ्यानं. सासूबाईंनी पदर पार हनुवटीपर्यंत ओढून घेतला. बायका उत्तरं देत नव्हत्या, आपापली माळ जपत होत्या, हे मला त्यांच्या थांबलेल्या हातांकडे बघून कळलं.

बाहेर आल्यावर सासूबाई एवढंच म्हणाल्या, “देव काय बहिरा वाटला व्हय तुला?”

फादर म्हणाले, उच्चार उत्तम होते. त्याचा घरी काही उपयोग झाला नाही. मी केडगावचीच राहिले, आणि माझं लॅटिनही तिथंच थांबलं.

काही वर्षांनी मिस्सा मराठीत झाली. फादर आता लोकांकडे तोंड करून उभे राहायचे आणि सगळ्यांनी मोठ्यानं उत्तरं द्यायची, असं ठरलं. हे तर माझ्या माहेरचंच काम. पण सासूबाई ओठ घट्ट मिटून बसायच्या. माळ मांडीवर तशीच पडलेली असायची. मला त्यांची फार दया यायची, आणि ती दाखवायची सोय नव्हती.

एका रविवारी त्यांनी मला कोपरानं ढोसलं. “ते जुनं म्हण.”

“मोठ्यानं?”

“नगं बाई. माझ्या कानात.”

मी त्यांच्या कानाशी लागले. फादर मराठीत बोलत होते आणि मी जुनी उत्तरं कुजबुजत होते. सासूबाईंची माळ हळूहळू सरकायला लागली. पुढच्या बाकावरची बाई मागं वळून बघायला लागली, तशा सासूबाई तिला म्हणाल्या, “माझी सून हाय. तिला समदं येतं.”

‘सून’ हा शब्द ऐकला आणि पुढचं उत्तर माझ्या डोक्यातून साफ गेलं. सासूबाई कान देऊन वाट बघत होत्या. मग मला जे येत होतं तेच मी म्हटलं. मेन्सा, मेन्साम, मेन्से.

सासूबाईंनी डोळे मिटले आणि सावकाश क्रूसाची खूण केली.