वाघोबाच्या खिंडीतल्या घंटा

मी भित्री आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पाल दिसली की मी खाटेवर चढते आणि खाट करकरली की खाली उतरते. तरीही भावाच्या लग्नात मी अख्खं वऱ्हाड अडवून धरलं होतं. कुणी त्याला धिटाई म्हणतं, कुणी उर्मटपणा. खरं सांगायचं तर ती भीतीच होती. फक्त त्या दिवशी ती काकांच्या आवाजापेक्षा मोठी निघाली.

साठ सालच्या आसपासची गोष्ट. माहेर शेणव्याजवळ, नवरीचं गाव मुरबाडच्या पलीकडे, म्हशाच्या वाटेवर. तेव्हा वऱ्हाड ट्रकने जायचं. हौद्यात पेंढा, त्यावर सतरंज्या. बायका मधोमध, पोरं त्यांच्या मांडीवर आणि पुरुष कडेला उभे, पडायची वेळ आलीच तर पहिला मान आपला, अशा थाटात.

ट्रक ठरवायचं काम थोरल्या काकांचं. गाडी चांगली की वाईट, हे ते खिंडीतल्या वाघोबाला विचारत. म्हणजे तिथल्या घंटा बघत. देवाच्या ठाण्याशेजारी आडव्या वाशाला गाडीवाल्यांनी घंटा बांधलेल्या असत. ज्याच्या घंटा जास्त, त्याची गाडी देवाची, असं आमच्याकडचं गणित. काकांनी ठरवलेल्या मालकाच्या घंटांनी तो वासा वाकला होता.

माझं सासर खिंडीपलीकडे. माहेरी जाता-येता कडेवरच्या लेकीला उतरवून मी तिथे टेकत असे. केळवणाला येताना तिथल्या म्हाताऱ्या भगताला सहज म्हटलं, "बाबा, ह्या मालकाची भक्ती लय दिसते."

"भक्ती कसली गो? नवस हाय त्यो! ही मोठी घंटा, गाडी वढ्यात पलटी झाली तवाची. ही बारकी, बिरेक गेला तवाची. बैल मेला, पन मानसं वाचली. आनि ही बघ..."

म्हातारा देवाची थोरवी सांगत होता आणि मी बोटांवर अपघात मोजत होते. मी विचारलं, "गवताच्या वखारीतली गाडी जाते-येते, तिची घंटा कुठली?"

"तिची? नाय गो! मेला चिकट डायवर. इतकी वर्सं जातो, एक नारळ नाय फोडला. त्याची गाडी पलटी व्हायची तरी कशी? बैलगाडीच्या मागून चालवतो. उतार आला का किलीनर लाकडाचा ओंडका घेऊन चाकाबरोबर चालतो."

मला हवा होता तो माणूस हाच. घरी जाऊन काकांना सांगितलं, तर ते पोट धरून हसले. "आगो, इतक्या वेळा वाचवलं म्हंजे वाघोबाचा हात हाय त्या गाडीवर. तुझ्या गवतवाल्याकडे देवाने कधी बघितलं तरी का?"

"बघायची वेळ त्याने आणली नाय, काका."

"सासरी जाऊन जीभ वाढली हिची," काका आईला म्हणाले आणि विषय संपला. म्हणजे त्यांच्यापुरता.

लग्नाच्या दिवशी घंटावाला ट्रक हॉर्न वाजवत आला. वऱ्हाड चढलं. मी हातात करा-दिवा घेऊन ओट्यावर बसून राहिले. मी करवली. आमच्याकडे करवलीशिवाय नवरा दारातून हलत नाही. कपाट, दागिने, जमीन यांतलं काही माझ्या ताब्यात नव्हतं, पण तेवढा करा होता.

"चढ गो बाय, लोक बघतात," आई कळवळून म्हणाली.

"बघू देत. माझी पोर घेऊन मी ह्या गाडीत बसणार नाय."

काका गरजले, "दुसरी करवली बघा!" त्यांनी स्वतःच्याच लेकीला हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पोट धरलं. "बाबा, माझ्या पोटात दुखतं." मग काकू ट्रकच्या मागच्या फाळक्यावरून खाली उतरल्या. "मला गुडघ्यामुळे उभं राहवत नाय." हाच गुडघा आदल्या दिवशी आंब्यासाठी माळ्यावर चढला होता. मग कुणाला उन्हाचा, कुणाला डिझेलच्या वासाचा त्रास झाला. बघता बघता हौद्यातल्या सगळ्या बायका आजारी पडल्या आणि अंगणात उतरून बऱ्या झाल्या.

मुंडावळ्या सावरत भाऊ म्हणाला, "ताई, मी काय करू?"

"तुझ्या मागे मी उभी राहणार. मी जाईन तिथे तू."

माझे यजमान सायकल काढून गवताच्या वखारीत गेले. जाताना एवढंच म्हणाले, "तुझ्यापेक्षा ट्रक उलटलेला बरा." पण गाडी घेऊन आले. तिचा ड्रायव्हर खाली न उतरताच म्हणाला, "माझी गाडी सावकाश जाते. घाई असेल त्याने चालत जावं."

पुरुष मंडळी वाजंत्री घेऊन हट्टाने घंटावाल्या ट्रकने गेली आणि नवरीच्या दारात वेळेवर पोचली. तिथे एकच गोंधळ. वऱ्हाड आलं, नवरा कुठाय? आम्ही पोचलो तेव्हा गोरज मुहूर्त होता खरा, पण गाई केव्हाच गोठ्यात गेल्या होत्या. शालूंना कुसळं, पोरांच्या केसांत गवत. नवरीची मावशी म्हणाली, "वऱ्हाड आलं का वैरण?"

भर मांडवात काका पुढे आले. "बघ गो, आमी आलो का नाय धडधाकट?"

"आलात, बरं झालं. पण आलात म्हणून माझं खोटं झालं नाय."

सगळा मांडव हसला. अजून हसतात. ही गोष्ट सांगताना तो ट्रक दरीत घातला तर माझी मुलं खूश होतील, पण तो पडल्याचं मी कधी ऐकलं नाही. नाही पडला, चांगलं झालं. तरी माझं म्हणणं तेच आहे. कुणाच्या नवसाच्या भरवशावर मी माझी पोर गाडीत बसवणार नाही, मग हसा नाहीतर रडा.

दुसऱ्या दिवशी परतताना दारात दोन्ही गाड्या उभ्या होत्या. काकांनी घंटावाल्या ट्रकचा फाळका उघडला. "चला सूनबाई, मानाची जागा ठेवलेय."

रडून डोळे सुजलेली नवी नवरी माझ्या कानाशी आली. "वन्सं, तुमी कशात बसणार?"

मी हनुवटीने दाखवलं. तिने एकदा काकांकडे पाहिलं, शालूच्या निऱ्या उचलल्या आणि सरळ गवताच्या गाडीकडे चालू लागली. पदराची गाठ शेल्याला बांधलेली होती, त्यामुळे भावाचं मत विचारायची वेळच आली नाही.