कार्ड टाका, मास्तर!

पोस्टकार्डावर बुद्धिबळ खेळणाऱ्यांकडे किस्से फार साठतात. साठणारच की! एक चाल टाकली की उत्तर यायला आठवडा. तेवढ्या वेळात माणसानं करायचं काय? गप्पाच हाणायच्या!

आमचा कंपू तिघांचा. मी रिटायर्ड मास्तर. कुर्डुवाडीचे रेल्वेतले शिंदे. आणि बँकेतून रिटायर झालेले अण्णा, मूळचे अक्कलकोटकडचे. अण्णा आणि मी दोघंही सोलापुरातल्या 'जुळे सोलापूर' भागात, मधे फक्त दोन गल्ल्या. रोज सकाळी एकाच टपरीवर चहा पितो, पण डावाबद्दल चकार शब्द काढायचा नाही! चाल कार्डावरच. "मोबाइलवर खेळा की," पोरं म्हणतात. पण मोबाइलवर वाट बघण्यातली मजा कुठली?

इतक्या वर्षांत अण्णांना मी एकदाही हरवलं नव्हतं. एकदा तरी हरवायचं, हा एकच ध्यास!

*

कार्ड उघडं, त्यामुळं सगळ्यात आधी वाचतो आमचा पोस्टमन, शेखभाई. एकदा दारातच म्हणाला, "साब, घोडा नक्को हिलाव, वजीर जाताय तुमारा!"

मी खूश. मग कळलं, अण्णांनाही तो असंच सावध करतो. "शेखभाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

"मैं पोस्ट का आदमी, साब. सबकू बराबर डिलिव्हरी!"

*

चालू डावाचा पट आमच्याकडे शोकेसवर मांडलेला असतो. महिनोन् महिने. दिवाळीच्या साफसफाईत बायकोनं सगळ्या सोंगट्या पुसून परत रांगेत लावल्या. "अहो, बघा, किती छान दिसतंय आता!"

मी कपाळाला हात लावला. अण्णांना विचारावं, तर तोंडी बोलायची बंदी. कार्ड टाकलं. अण्णांनी सगळा डाव प्रामाणिकपणे लिहून पाठवला आणि खाली एक ओळ: "वहिनींची मांडणी तुमच्यापेक्षा लई बरी होती. तिथूनच खेळायचं का?"

*

वेळ वाचवायला आम्ही पुढच्या चालीही आधीच लिहून ठेवतो: 'तुम्ही हे केलंत, तर मी ते.' शिंद्यांना ही सवय इतकी जडली की मुलाच्या लग्नाच्या बोलणीत त्यांनी मुलीच्या वडिलांना कार्ड धाडलं: "तुमचा होकार आला, तर रविवारी सुपारी फोडू. रविवार जमला नाही, तर गुरुवारी. नकार आला, तर फोटो परत पाठवा."

व्याह्यांचा फोन आला, "पाव्हणं, ही सोयरीक हाय का रेल्वेचं टाइमटेबल?"

लग्न झालं हो! रविवारीच सुपारी फुटली.

*

यंदा संक्रांतीच्या सुमारास मात्र डाव माझ्या हातात आला. तीन चालींत मात! आणि नेमकी अण्णांची बायपास निघाली. ऑपरेशनआधी शुगर उतरेपर्यंत त्यांना दवाखान्यातच ठेवलं होतं. भेटायला गेलो. उशीला टेकून बसलेले अण्णा एवढेसे दिसत होते. कसलं जिंकणं नि कसलं काय! म्हणालो, "अण्णा, हा डाव बरोबरीत सोडवू या."

अण्णांनी तोंड फिरवलं. "तोंडी चालत न्हाई. कार्ड टाका, मास्तर!"

टाकलं. दवाखान्याच्या पत्त्यावर.

ऑपरेशनच्या दिवशी अण्णांच्या बायकोबरोबर, म्हणजे वहिनींबरोबर, बाहेर बाकावर बसून होतो. जीव टांगणीला लागलेला. वहिनींनी पर्समधून एक कार्ड काढलं. "भावजी, आत नेताना दिलंय. म्हणाले, मास्तरच्या हातात द्यायचं नाही, पोस्टात टाक. आता हितनं उठून मी कुठं जाऊ? तुम्हीच टाका की!"

पेटी गेटपाशी होती. पत्ता माझा, उत्तर मला, आणि टाकायचंही मीच! नुसतं उलटं केलं असतं तरी कळलं असतं. नाही केलं. पत्त्याची बाजू वर धरून गेटपर्यंत गेलो आणि पेटीत टाकलं.

ऑपरेशन नीट झालं. अण्णा दवाखान्याच्या उपम्याला नावं ठेवायला लागले. मी रोज जायचो. कार्डाबद्दल ते बोलेनात, मीही विचारेना.

मग एका दुपारी शेखभाई दारात आला. तोंडभर हसत होता, म्हणजे वाचून झालं होतं.

"बरोबरी नामंजूर. डाव मी हरलो. आता नवा डाव, पांढऱ्या सोंगट्या माझ्या. राजापुढचं प्यादं दोन घरं. तुम्ही तेच खेळलात, तर माझा घोडा बाहेर."