दाराला बांधलेली दोरी

वर्ना हॉगनच्या उजव्या मनगटावर दोन आडवे वळ आहेत, घट्ट बांगड्यांचे असावेत तसे. मंगळवारी आणि शुक्रवारी मी नर्स म्हणून तिच्या नवऱ्याच्या पायाची जखम धुवायला जाते, तेव्हा ती बाही खाली ओढून घेते. ते वळ कसे पडले हे तिनेच मला सांगितलं, बटाटे सोलता सोलता, मान वर न करता.

तिचा नवरा ऑरिन मोंटानातल्या या वरच्या खोऱ्यात चाळीस हिवाळे कातड्यांसाठी सापळे लावत होता. बॉबकॅट नावाचं रानमांजर, मुंगसाएवढं मार्टेन, पाण्यात राहणारं बीव्हर, जे मिळेल ते. तीन वर्षांपूर्वी त्याची स्मरणशक्ती जायला लागली. आधी शेजाऱ्यांची नावं गेली, मग चमच्याला चमचा म्हणतात हे गेलं, मग घराची वाट. एका सोमवारी तो बर्फातून अनवाणी टपालपेटीपर्यंत गेला होता. पायाची जखम त्या दिवसाची. पण कुठल्या ओढ्यावर बीव्हरचं घर आहे, बॉबकॅट कुठल्या कड्याखालून चालतं, ते मात्र त्याला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई.

सापळे आता वर्ना लावते. चौसष्टाव्या वर्षी. मी एकदा म्हटलं, "अगं, कशाला ही दगदग? बंद कर की."

"एक दिवसाआड तीन तास," ती म्हणाली. "तेवढेच माझे. घरी तो दर पाच मिनिटांनी हाक मारतो. ओढ्यावर मला कुणी बोलवत नाही."

ती निघाली की ऑरिनचं एक ठरलेलं असे. काही विसरेल पण हे नाही.

"काय गं, दोरी घेतलीस?"

"घेतली रे बाबा."

"दाखव."

मग ती कोटाच्या खिशातून वावभर दोरी काढून त्याच्या नाकासमोर नाचवायची. बीव्हरचा सापळा चौकोनी, दोन्ही बाजूंना जबर स्प्रिंग. तो हातावर मिटला तर दुसऱ्या एका हाताने उघडणं माणसाच्या ताकदीबाहेरचं. पण खिशात दोरी असेल तर ती स्प्रिंगच्या दोन्ही कड्यांतून ओवायची, टोकाला फास करून त्यात पाय घालायचा, आणि सगळं अंग टाकून ओढायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत ऑरिनने स्वयंपाकघरात तिच्या हातावर जाड मोजा चढवून सापळा हळूच मिटवला होता आणि समोर खुर्ची ओढून बसला होता. "सोडव आता. मी कॉफी पितो."

"अरे, मदत कर!"

"ओढ्यावर कोण येणारे मदतीला? मासे?"

दोन कप कॉफी होईपर्यंत तिला ते जमलं नव्हतं. रडली, चिडली, त्याच्या कॉफीत मीठ घातलं. पण शिकली.

गेल्या जानेवारीतली गोष्ट. आदल्या रात्री ऑरिनने बाहेरच्या दाराची कडी उचकटून काढली होती. त्याला आईकडे जायचं होतं. आई जाऊन तीस वर्षं झाली. सकाळी पारा शून्याच्या खाली पंचवीसवर. सापळे बघून दोन दिवस होत आले होते, आणि दोन दिवसांवर जनावर अडकवून ठेवायचं नाही हा तिचा नेम. माझा यायचा तो दिवस नव्हता. ऑरिनने विचारलं, तिने दोरी दाखवली, शेगडीत लाकडं भरली, बाहेर आली, आणि दाराला कडी नाही. हातात दोरी होतीच. तिने दाराची मूठ ओसरीच्या खांबाला बांधली. दार आत उघडतं, त्यामुळे पक्कं बसलं.

"खिळा नाही सापडला?" मी विचारलं.

"शोधलाच नाही. उशीर होत होता. दोनच तास, म्हटलं."

आधी ती कड्याखालच्या सापळ्याकडे गेली. रानकोंबड्याचा एक पंख तिथे दोऱ्याला लटकवलेला होता. वाऱ्याने हलतो तो बघायला बॉबकॅट येतं. आलं होतं. मोठा बोका. कोल्हा अडकला की आजूबाजूची जमीन उकरून टाकतो, साखळी चावतो. बॉबकॅट तसं करत नाही. पाय जवळ घेऊन बसतं आणि तुमच्याकडे बघत राहतं. ते बघणं वर्नाला कधीच सहन होत नाही. तिने काम पटकन उरकलं आणि तो बोका गाडीत ठेवला.

मग बीव्हरच्या तळ्यावर. बीव्हरचं मांस बॉबकॅटला आमिष म्हणून लागतं. तिने बर्फ फोडून खांबाला बांधलेला सापळा वर घेतला. रिकामा होता. परत लावून पाण्यात सोडताना स्प्रिंग दाबून धरणारा बर्फाळलेला आकडा सरकला आणि सापळा उजव्या मनगटावर मिटला.

लांब रबरी मोजा होता म्हणून हाड वाचलं. स्प्रिंग दाबायचे चिमटे काठावरच्या टोपलीत, वीस पावलांवर. सापळ्याची साखळी खांबाला तारेने बांधलेली, खांब तळाच्या चिखलात रुतलेला. हात भोकाच्या कडेपर्यंत वर यायचा, पुढे नाही. तिने डावा हात खिशात घातला.

खिसा रिकामा.

"मग मी बसले," वर्ना म्हणाली. "पाय जवळ घेऊन. त्या बोक्यासारखी. किती वेळ ते माहीत नाही. थंडी आधी बोचते, मग बोचायची थांबते. ते थांबणं वाईट."

"देवाचं नाव घेतलंस?"

"घेतलं. शिव्याही दिल्या. दोन्ही त्यालाच."

स्वतःचं काय व्हायचं ते तिला फारसं वाटत नव्हतं म्हणे. डोळ्यांसमोर ते दार होतं. शेगडीतली लाकडं दुपारपर्यंतची. तिच्याशिवाय त्या घरी शुक्रवारपर्यंत कुणी फिरकणार नव्हतं, आणि तो बुधवार होता. दार आतून उघडता येणार नाही अशी सोय तिने स्वतःच्या हातांनी करून ठेवली होती.

ती उठली ती त्यामुळे. बुटांना लांब नाड्या होत्या. गाठी गोठलेल्या. डाव्या हाताची बोटं आणि दात लावून तिने एक नाडी सोडवली. कडीतून ओवताना ओठ लोखंडाला चिकटला. ओढला तर कातडी तिथेच राहिली. फास करून पाय घातला, अंग टाकलं. नाडी तटकन तुटली.

दुसऱ्या बुटाची नाडी तिने दुहेरी केली. या वेळी स्प्रिंग दबली. ती आकड्यात अडकवली, दुसरी स्प्रिंग दाबली, आणि हात बाहेर आला. "ऑरिनने दोन कप कॉफी संपवली असती," असं म्हणून ती हसली. मग बटाटे सोलायची थांबली.

डाव्या हाताने गाडी चालवत ती घरी पोचली तेव्हा धुराड्यातून धूर येत नव्हता. दोरीची गाठ दगड झाली होती.

आतून आवाज आला, "कोण आहे?"

"मी आहे रे. वर्ना."

"दार उघडत नाही गं. कुणीतरी बांधलंय."

तिला खोटं बोलता आलं असतं. पाच मिनिटांत तो विसरला असता.

"मीच बांधलंय, ऑरिन."

"कशाने?"

"तुझ्या दोरीने."

मग तो म्हणाला, "मग तू काय घेऊन गेलीस?"

कंबरेचा सुरा काढून तिने दोरी कापली. आत तो कोट, टोपी, एका पायात बूट असा दाराशी उभा होता. दाराच्या कडेला लाकूड नखांनी ओरबाडलेलं होतं. मी ते पाहिलंय. ते तिने अजून रंगवलेलं नाही. त्याने तिचा हात बघितला, तोंड बघितलं, आणि काही न विचारता तिचा हात आपल्या काखेत धरून बसला. गोठलेल्या हाताचं काय करायचं ते त्याच्या हातांना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मात्र विचारलं, "हाताला काय झालं गं?" रोज विचारतो.

मी तिला म्हटलं होतं, त्याला शहरात ठेवायची जागा बघ, चर्चमधल्या बायका चौकशी करतील. ती म्हणाली, "तिथे तरी दार कोण उघडं ठेवणारे?" मी जखमेवरची पट्टी बदलायला घेतली.

कड्याखालचे आणि तळ्यावरचे सगळे सापळे तिने उचलून आणले. आता फक्त रस्त्यावरून दिसतील एवढेच, आठ-दहा. ऑरिनला ती गाडीत घालून नेते. गाडीची दारं आतून उघडता येतात. हीटर चालू, मांडीवर घोंगडी. ती उतरली की तो काच खाली करतो.

"दोरी?"

ती वर करून दाखवते. झुडपांत शिरली की दर दोन मिनिटांनी तो हॉर्न वाजवतो. तिने लगेच हात वर करून दोरी दाखवायची. नाही दाखवली तर वाजवतच राहतो.

"अरे, त्या भोंग्याने खोऱ्यातली सगळी मांजरं पळाली!" ती ओरडते.

"तू नाही ना पळालीस?"

या हिवाळ्यात तिला एकही बॉबकॅट मिळालं नाही. परवा मी त्यांच्या मागून गाडीने येत होते, तेव्हा बघितलं. बर्फात ती कंबरेपर्यंत उभी, मनगटाला दोरी गुंडाळलेली, हात वर. हॉर्न थांबला होता तरी हात खाली घ्यायला ती विसरली होती.