दोन मिस्ड कॉल

तिला आम्ही वाचवलं, म्हणून ती गेली.

गेलं वर्षभर मी या वाक्यापुढे सरकलेले नाही.

आज तिला जाऊन वर्ष झालं. फोटो लावत नाही. खरं नावही लिहीत नाही. सरकारी कागदावर ती 'पीडिता' आहे आणि घरच्यांनी तिचं नाव टाकलंय. इथे तिला सुमन म्हणते.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत आहे, मी तेव्हा एका संस्थेत काउन्सेलर होते. पोलिसांची धाड पडली की सोडवलेल्या बायकांशी बोलायचं, हे माझं काम.

खरोखर विकून आणलेल्या, भीतीने वाचा बसलेल्या मुली मी पाहिल्यात. त्यामुळे 'धाडी बंद करा' म्हणणाऱ्यांशी मी तावातावाने भांडायचे.

त्या दिवशी अंधेरीतला फ्लॅट होता. ऑनलाइन जाहिरात, पोलिसांनी पाठवलेलं खोटं गिऱ्हाईक, दोन पंच, पंचनामा. सगळं नेहमीसारखं.

आत दोघीच होत्या. तिशीची सुमन आणि तिची पन्नाशीची मैत्रीण मंगलताई.

धंदा सुमन करायची. मंगलताई फोन घ्यायच्या, गिऱ्हाईक आधी व्हिडिओ कॉलवर बघायच्या, आणि तो घरात आला की स्वयंपाकघरात मुद्दाम कुकर लावायच्या.

"शिट्टी झाली ना ताई, की घरात अजून कोणीतरी आहे हे कळतं त्याला. मग नीट वागतो," सुमन म्हणाली.

"तुला इथे कोणी आणलं?"

"कोण आणणार? रिक्षाने आले."

"जबरदस्ती झाली का?"

"नाही हो. पार्लरच्या पगारात भागेना. मुलगी गावाला आईकडे असते माझी. शिकतेय."

मी धाडीवरच्या पोलिस साहेबांना म्हटलं, ती बाई हिची मैत्रीण आहे, हिला सांभाळते.

"मॅडम, एकीच्या कमाईवर दुसरी जगतेय. कायद्यात ती दलाल. मैत्रीण असं मी कुठे लिहू?"

साहेब वाईट नव्हते. सुमनसाठी चहा त्यांनीच मागवला होता.

मग मी शहाणपणा केला. प्रत्येक धाडीनंतर, प्रत्येक बाईला सांगायचे तेच हिला सांगितलं.

"तू सांग, मंगलने मला यात ओढलं. लवकर सुटशील."

"आणि त्या?"

"त्यांना जामीन मिळेल गं. होतं सगळं नीट."

किती सहज बोलले मी!

साहेबांनी तसा जबाब लिहून घेतला. सुमनने सही केली. माझ्यावर विश्वास ठेवून केली.

मंगलताईंना जामीन मिळायला सात महिने लागले.

सुमन सुधारगृहात. तिथून सोडायचं तर घरच्यांच्या ताब्यात, आणि त्याआधी घरी चौकशी. अधिकारी गावी जाऊन आले आणि मुंबईतली लेक काय करते ते अख्ख्या आळीला कळलं.

चार महिन्यांनी भाऊ आला. त्याने ताबा घेतल्याची सही केली आणि गेटबाहेर येऊन म्हणाला, "आता घरी यायचं नाही. पोरीचं आम्ही बघू."

ती तिथून थेट माझ्या ऑफिसात आली. "ताई, आता काय करू?"

माझ्याकडे शिवणक्लासचा फॉर्म होता. मी तो दिला. तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला, माझा मान राखायला.

ती पुन्हा धंद्यात गेली. आता फ्लॅट नव्हता, कुकर नव्हता. बोलावतील त्या लॉजवर एकटीने जायचं.

"मंगलताई नाहीत. तुम्ही तरी लक्ष ठेवाल का?"

मी हो म्हटलं. आत जाताना एक मिस्ड कॉल. सुखरूप बाहेर आली की दुसरा. तासाभरात दुसरा आला नाही, तर मी पोलिसांना घेऊन पोचायचं.

म्हणजे मंगलताई करायच्या तेच काम. फक्त मला कोणी दलाल म्हटलं नाही.

त्या दुपारी वांद्र्याला ट्रेनिंग होतं. विषय, मानवी तस्करी. बोलणारी मी. 'सुटकेनंतर काय?' अशी स्लाइडसुद्धा होती माझी. सगळ्यांनी फोन सायलेंटवर टाकले, मीही टाकला.

भाषण संपलं. हातात समोसा घेऊन फोन पाहिला. सुमनचे दोन मिस्ड कॉल.

दोन. म्हणजे आली बाहेर. मी हुश्श केलं आणि समोसा खाल्ला.

वेळ बघितली नाही.

संध्याकाळी बोरिवलीहून पोलिसांचा फोन. लॉजच्या खोलीत एक बाई मृत सापडली होती. तिच्या मोबाईलमध्ये शेवटचा नंबर माझा.

पहिला कॉल दोन बावन्नचा. दुसरा दोन अठ्ठावन्नचा.

मधे फक्त सहा मिनिटं. ती मला बोलावत होती.

तिला मारणारा माणूस अजून सापडलेला नाही. त्याचा नंबर बोगस निघाला. मंगलताईंनी त्याला आधी व्हिडिओ कॉलवर बघितलं असतं.

त्या सुटल्यावर मला भेटायला आल्या. मला वाटलं, शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या.

त्या एवढंच म्हणाल्या, "तो कुकर कुठे गेला हो? पंचनाम्यात लिहिला होता का? तिने आणलेला तो. मिळाला तर बघा ना."

मी बरंच विचारलं. नाही मिळाला.

मर्जीने की जबरदस्तीने, हा वाद अजून चालू आहे. मला अजून चर्चेला बोलावतात. मी जात नाही. आता माझा आवाज चढत नाही.

सुमन, तुझी मुलगी यंदा नववीत असेल. मी एकदा फोन केला होता. भावाने राँग नंबर म्हणून ठेवून दिला.

माझा फोन आता कधीच सायलेंटवर नसतो. कोणाचाही मिस्ड कॉल आला की मी लगेच उलट फोन करते. लोनवाल्या पोरीलासुद्धा. ती बिचारी गोंधळून जाते.

तुला श्रद्धांजली वाहायचा हक्क मला आहे की नाही, माहीत नाही. तरी वाहते.

माफ कर गं. तू केला होतास फोन.